चार्जर काढला की लॅपटॉप बंद: नवी पेठेतल्या चिप-लेव्हल दुरुस्तीचा लेखाजोखा

लॅपटॉप चार्जरवर दिवसभर चालतो, पण वायर काढली की पडदा काळा. किंवा नेमकं उलटं: बॅटरीवर व्यवस्थित, पिन लावली की गचके. ही तक्रार घेऊन काउंटरवर गेलं की ठरलेली तीन उत्तरं मिळतात: बॅटरी टाका, विंडोज टाकून बघू, नाहीतर बोर्ड गेला. चौथं उत्तर देणारं एक टेबल सोलापूरच्या नवी पेठेतल्या बोळात पहिल्या मजल्यावर आहे. तिथं म्हणतात, "ठेवा की इथं, मोजून सांगतो." दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. खाली सांगितलेली पद्धत दुसऱ्या कुठल्या टेबलावर दिसली, तर तिथंही मशीन बिनधास्त ठेवावं.

टेबलावर दिखाऊ काही नाही. तीस व्होल्ट पाच अँपिअरचा डीसी सप्लाय, मायक्रोस्कोप, हॉट एअर (गरम हवेने पार्ट सोडवायचं यंत्र), दोन मल्टिमीटर, बोर्ड धुवायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि कंपनीप्रमाणे निवडलेल्या अ‍ॅडॅप्टरच्या पिना. मशीन उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. हे न करता जिथं मीटरची टोकं बोर्डावर फिरू लागतात तिथून मशीन परत घ्यावं. एक टोक घसरलं की धड असलेला चार्जर आयसीही (बोर्डावरची चार्जिंग सांभाळणारी चिप) जातो.

उघडण्याआधीची चौकशी मात्र थोडक्यात उरकत नाहीत, आणि ते बरोबर आहे. सगळ्यात कामाचा प्रश्न असा: बायोसच्या पडद्यावर असताना चार्जर काढून बघितला का? बहुतेकांनी बघितलेला नसतो, म्हणून गिऱ्हाईकासमोरच करून दाखवतात. विंडोज सुरूच न करता बायोसमध्ये थांबायचं आणि पिन ओढायची. तिथंही बंद पडलं तर दोष हार्डवेअरचा, विंडोज टाकण्यात पैसे घालू नयेत. बायोसमध्ये टिकलं आणि विंडोजमध्येच गेलं तर दोन शक्यता उरतात: ड्रायव्हर किंवा सेटिंग, नाहीतर लोड वाढल्यावरच दिसणारा हार्डवेअरचा दोष. या दोन वेगळ्या करायला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रोसेसरवर पूर्ण ताण देतात आणि पुन्हा पिन ओढतात. पाच मिनिटांचं काम आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवून "पॉवरचा प्रॉब्लेम आहे बघा" असं सांगणारे खूप आहेत. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. वीज गेली, मशीन हँग झालं किंवा कुणी बटण दाबून धरलं, तिन्ही वेळा तीच नोंद पडते. या टेबलावर ती कुणी पुरावा म्हणून दाखवत नाही, हे आवडलं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वीज बदलते कशी. चार्जरची पिन आणि बॅटरी या दोन्हींतून येणारी वीज शेवटी एकाच मुख्य लाइनवर जाते. पिनच्या बाजूला पाठीला पाठ लावलेले दोन मॉस्फेट (उघडले की वीज सोडणारे, बंद केले की अडवणारे बारीक स्विच), बॅटरीच्या बाजूला एक. तिघांचा मुकादम म्हणजे चार्जर आयसी. कितीतरी बोर्डांवर सापडणारा बीक्यू २४७२५ए घ्या. त्याच्या अ‍ॅडॅप्टर ओळखणाऱ्या एसीडेट पिनवर २.४ ते ३.१५ व्होल्ट आले तरच तो अ‍ॅडॅप्टर खरा मानतो. मग बॅटरीचा मॉस्फेट बंद करून अ‍ॅडॅप्टरचे दोन उघडतो. पिन निघाली की हाच क्रम उलटा. हे इतक्या झटकन होतं की चित्र हलायलाही नको. मशीनच बंद पडलं, तर त्या क्षणी कुठला मॉस्फेट वेळेवर उघडला नाही तेवढंच शोधायचं असतं.

टेबलावर असलेलं एक पंधरा इंची मशीन याचा चांगला नमुना आहे. तक्रार अशी: चार्जर काढल्यावर वर्डमध्ये टायपिंग चालतं, पण व्हिडिओ लावला की दहा-पंधरा सेकंदांत बंद. दुसरीकडे नवी बॅटरी टाकून झाली होती, फरक शून्य. बॅटरीच्या टोकांवर ११.८ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. चार्जर नसताना मुख्य लाइनवर ११.१. हे मधले ०.७ व्होल्ट कुठं गेले? चालू मॉस्फेटवर इतका फरक पडूच शकत नाही. दहा मिलिओहमच्या मॉस्फेटमधून तीन अँपिअर गेले तर जेमतेम ०.०३ व्होल्ट पडतात. ०.७ म्हणजे मॉस्फेट उघडलेलाच नाही आणि वीज त्याच्या आतल्या डायोडमधून (एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागातून) वाट काढत आहे. तीन अँपिअर गुणिले ०.७, म्हणजे दोन वॅटच्या वर उष्णता तीन मिलिमीटरच्या पार्टवर. टायपिंगपुरता डायोड तग धरतो. व्हिडिओ लागला की व्होल्टेज आणखी बसतं, पार्ट तापतो आणि मशीन जातं.

इथं बहुतेकजण कुठं चुकतात तेही टेबलावर दिसलं. मीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल गेटवर (मॉस्फेट उघडणाऱ्या पायावर) ठेवलं तर १२.७ व्होल्ट दिसतात आणि "गेटला सप्लाय येतोय" असा निष्कर्ष निघतो. पण गेटचं व्होल्टेज मोजायचं ते सोर्सच्या, म्हणजे इथं बॅटरीच्या बाजूच्या पायाच्या, तुलनेत. सोर्सवर ११.८ असेल तर गेटवर ग्राउंडपासून १७.८च्या आसपास हवं, कारण आयसीचा चार्ज पंप गेटला सोर्सपेक्षा साधारण सहा व्होल्ट वर उचलतो. काळं टोक सोर्सवर ठेवून मोजलं तर आले फक्त ०.९.

मग प्रश्न असा की पंप मेला की गेट गळतंय? पंप आणि गेट यांच्यामध्ये सुमारे चार किलोओहमचा बारीक रेझिस्टर असतो. त्याचं एक टोक उचललं. आयसीच्या बाजूला लगेच सहा व्होल्ट, म्हणजे आयसी निर्दोष. बॅटरी काढून मॉस्फेटच्या गेट आणि सोर्समधला रेझिस्टन्स मोजला: पंधरा किलोओहम. धड मॉस्फेटमध्ये तो कित्येक मेगाओहम असतो. पंपाची ताकद साठेक मायक्रोअँपिअरचीच, आणि पंधरा किलोओहममधून साठ मायक्रोअँपिअर गेले की ०.९ व्होल्ट होतात. आकडा आकड्याला जुळला, निदान पक्कं. घाईतल्या हाताने इथं आयसी बदलला असता आणि दोष तसाच राहिला असता.

अशा वेळी पार्टवर हात टाकण्याआधी एक गोष्ट करून बघावी, आणि इथं ती करतात. गेटभोवतीची जागा आयसोप्रोपिलने ब्रशने धुऊन, वाळवून पुन्हा मोजायची. जुन्या दुरुस्तीचं चिकट फ्लक्स किंवा सांडलेल्या चहाचा थर एवढी गळती सहज करतो. या बोर्डावर धुऊनही पंधरा किलोओहमच राहिले, म्हणून मॉस्फेट बदलला.

बदली पार्ट निवडताना तीन गोष्टी बघतात. एन-चॅनल आणि तीस व्होल्टचा हवा. पिनांची मांडणी तीच हवी: एक-दोन-तीन सोर्स, चार गेट, पाच ते आठ ड्रेन. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. ४.५ व्होल्टच्या गेटवर त्याचा रेझिस्टन्स किती, ते डेटाशीटमध्ये बघायचं. दहा व्होल्टचाच आकडा दिलेला मॉस्फेट सहा व्होल्टच्या पंपावर अर्धवट उघडतो आणि उन्हाळ्यात परत येतो. पार्टची किंमत दोन चहांएवढी असेल. बिल होतं ते शोधण्याचं, आणि त्यात गैर काही नाही. तपासणीचे पैसे आधी सांगतात आणि काम झालं तर बिलातून वजा करतात.

नवा मॉस्फेट बसवल्यावर गेटवर ६.१ व्होल्ट आणि लाइनवर ११.७ आले. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण ताण ठेवून दहा वेळा पिन काढली-घातली, आणि अर्धा तास नुसत्या बॅटरीवर. मशीन ताब्यात घेताना ही चाचणी समोर करून मागावी. नुसतं चालू करून पडदा दाखवला, तर ती चाचणी नाही.

पूर्ण मेलेल्या मशीनचं निदान हे टेबल फार लवकर करतं, कारण सप्लायच्या अँपिअरवर नजर असते. एकोणीस व्होल्ट दिल्यावर ०.०० दिसले तर वीज आतच शिरत नाही: जॅक, फ्यूज किंवा पुढचे दोन मॉस्फेट. ०.०१ ते ०.०३ म्हणजे स्टँडबाय ठीक, बटण दाबल्यावर पुढे काय होतं ते बघायचं. सप्लाय थेट करंट लिमिटला गेला तर शॉर्ट, आणि बऱ्याचदा मुख्य लाइनवरचा एखादा सिरॅमिक कपॅसिटर तडकलेला असतो. तो शोधायला लाइनवर एक व्होल्ट, दोन-तीन अँपिअरच्या मर्यादेत देतात आणि बोर्डावर आयसोप्रोपिल पसरतात. जिथून ते सगळ्यात आधी उडून जातं तो गुन्हेगार. त्याआधी कॉइली मोजून घेतात, हे नोंदवण्यासारखं. मुख्य लाइनवरून कोअरकडे (प्रोसेसरला वीज देणाऱ्या लाइनकडे) जाणारा वरचा मॉस्फेट आरपार शॉर्ट असेल तर दिलेलं व्होल्टेज थेट प्रोसेसरमध्ये जातं. कोअरच्या कॉइलवर एक-दोन ओहम दिसले म्हणून घाबरायचंही कारण नाही. तिथं तेवढेच असतात. "कॉइलला बीप येतोय, प्रोसेसर गेला" हे ऐकून मशीन भंगारात घालू नये.

दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच मशीनचा दोष मशीनमध्ये नसतोच. चार्जिंगचं चिन्ह दर दोन मिनिटांनी येतं-जातं, ब्राइटनेस वरखाली होतो, ही तक्रार बहुधा अ‍ॅडॅप्टरच्या वायरची असते. हिशेब सोपा आहे. एसीडेटवर अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टेजचा हिस्सा नेहमीच्या ४३० आणि ६६.५ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जोडीतून येतो आणि त्याचा उंबरठा २.४ व्होल्टचा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर १७.९ व्होल्टच्या खाली आला की आयसी त्याला अमान्य करतो. डुप्लिकेट अ‍ॅडॅप्टरची बारीक वायर आणि सैल पिन मिळून अर्धा ओहम झाला आणि ३.३ अँपिअर खेचले, तर १.६५ व्होल्ट वाटेतच गळतात. १९.५चे राहिले १७.८५. आयसी बॅटरीवर उडी मारतो, लोड हटताच व्होल्टेज पुन्हा १९.५, आयसी परत अ‍ॅडॅप्टरवर. हा झोका दिवसभर चालतो. नुसत्या मीटरने पिनवर मोजलं तर १९.५ बरोबरच दिसतात, म्हणून या टेबलावर अ‍ॅडॅप्टर इलेक्ट्रॉनिक लोडवर (मशीनसारखी वीज खेचणाऱ्या उपकरणावर) लावून मोजतात. ज्या दुकानात लोड नाही तिथं निदान दुसरा ओरिजिनल अ‍ॅडॅप्टर लावून बघायला सांगावं.

डेलच्या पिनमधली मधली बारीक तार तुटली की वेगळंच नाटक होतं. व्होल्टेज पूर्ण येतं, पण अ‍ॅडॅप्टर किती वॅटचा ते मशीनला कळत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर अडकतो. गिऱ्हाईक म्हणतं "स्लो झालाय, रॅम वाढवा". रॅम वाढवून काही होणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. ताण असूनही तो चिकटलेला असेल तर आधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघा.

सोलापूरचं म्हणून काही वेगळं आहेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत किंवा घराला लागून माग असलेल्या पेठांत वापरलेली मशीन उघडली की पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाच्या तुसाचा नमदा निघतो, अगदी कापून काढावा असा. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना असं मशीन उष्णतेने बंद पडतं आणि तक्रार 'पॉवरची' म्हणून नोंदली जाते. फरक ओळखायला घड्याळ पुरे. पिन ओढताच गेलं तर वीज बदलण्याचा दोष. पाच-दहा मिनिटं पंखा ओरडून मग गेलं, चार्जर लावलेला असतानाही, तर उष्णता.

दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात तारच नसते. चार्जर लावला की धातूच्या बॉडीला मुंग्या येतात, टचपॅडचा बाण उड्या मारतो. टचपॅड बदलून काही होत नाही. चार्जर काढल्यावर बाण शहाणा झाला, तर इलेक्ट्रिशियन बोलवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागताना मशीन रीस्टार्ट होत असेल, तर एकतर वर सांगितलेला वीज बदलण्याचा दोष आहे, नाहीतर लॅपटॉपची बॅटरी संपलेली आहे. त्या क्षणापुरता आधार तिनेच द्यायचा असतो.

आता उणिवा. टाइप-सीने चार्ज होणाऱ्या मशीनमध्ये या टेबलाचा हात आखडतो. केबलवर यूएसबी मीटर लावला आणि पाच व्होल्टवरच अडकला, वीसवर गेला नाही, तर चार्जर आणि मशीनमधली व्होल्टेजची वाटाघाट फसली एवढं कळतं. पोर्टच्या सीसी पिना (ही वाटाघाट ज्यांवरून होते त्या) वाकल्या असतील किंवा पोर्ट सुटला असेल तर काम नीट करतात. पण पीडी कंट्रोलर, म्हणजे वाटाघाट करणारा आयसी, स्वतः गेला असेल तर नुसता आयसी बसवून भागत नाही, काही बोर्डांवर त्याचं फर्मवेअरही लागतं. तिथं "पुण्याला पाठवू" हे उत्तर येतं आणि दहा-बारा दिवस जातात. प्रामाणिक उत्तर आहे, पण आधीच सांगितलं तर बरं. तिसऱ्या दिवशी फोन केल्यावर कळतं.

सुट्या आयसीचीही रड आहे. पुणे किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणारे काही आयसी जुन्या बोर्डांवरून काढलेले, पाय घासून चकचकीत केलेले असतात. चार्जर आयसीचा आतला ओळख-क्रमांक बोर्डाच्या कंट्रोलरला अपेक्षित असतो. जवळच्या नंबरचा दुसरा बसवला तर मशीन चालू होतं पण चार्जिंग होत नाही. इथं तसा आयसी बसला तर पुन्हा काढून देतात, जादा पैसे न घेता. मात्र बिलावर 'पॉवर सेक्शन रिपेअर' एवढंच लिहितात. कुठला पार्ट, बोर्डावरचा त्याचा नंबर, आधी आणि नंतरचं व्होल्टेज, हे लिहून मागावं लागतं. मागितलं की देतात, कुरकुर करत. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मशीन दाखवायची वेळ आली तर तो कागद सोन्याचा.

गर्दीबद्दल एक. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट जमा करण्याच्या आठवड्यांत तिकडे जाऊ नये. मशीन नुसतं कपाटात पडून राहतं.

जाण्याआधी घरी करण्यासारखं थोडं आहे. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसतंय आणि बॅटरी साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबली असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपमधली बॅटरी जपण्याची मर्यादा बहुधा चालू आहे, दोष काही नाही. चार्जर काढताना पडदा सेकंदभर लुकलुकतो तेव्हा बऱ्याचदा रिफ्रेश रेट १२० किंवा १४४ वरून ६० वर येत असतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आधीच ६० करून बघा. मशीन आपोआप झोपत असेल तर मनगटातल्या घड्याळाचा चुंबकी पट्टा किंवा मोबाइलचं चुंबकी कव्हर तळहाताच्या जागेजवळ येतंय का ते पाहा, कारण झाकण बंद झाल्याचं मशीनला कळतं ते चुंबकावरूनच. आणि मेलेल्या मशीनचा चार्जर काढून, उघडता येत असेल तर बॅटरीचा कनेक्टरही काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. कंट्रोलर अडकलेला असेल तर एवढ्याने सुटतो. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर मात्र यातलं काहीही करू नका, मशीन बंद ठेवा, चार्जर लावू नका आणि तसंच घेऊन जा. फुगलेली बॅटरी हे टेबल स्वतःकडे ठेवून घेतं, कचऱ्यात टाकायला परत देत नाही.